वाहतूक कारवाई आणि रस्त्यावरचे जीव : पुणेकरांकडून वारंवार येणारे प्रश्न

मी १८ वर्षं पुण्यातल्या एका रुग्णालयात मेंदू शस्त्रक्रियेच्या वॉर्डात परिचारिका होते. निवृत्तीनंतर सोसायट्यांत, शाळांत, कंपन्यांत रस्ता सुरक्षेवर बोलायला जाते. बोलणं संपलं की चहाच्या वेळी आणि नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. कलमं सांगते ती मोटार वाहन कायदा, १९८८ आणि त्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीची. जागेवर भरायची तडजोड रक्कम राज्य सरकार ठरवतं, त्यामुळे कायद्यातला आकडा आणि पावतीवरचा आकडा वेगळा दिसू शकतो.

१. कारवाई केली की अपघात खरंच कमी होतात, की नुसत्या पावत्या फाटतात?

कमी होतात. पण कारवाई माणूस मारणाऱ्या चुकांवर असेल तर. त्या चुका मोजक्याच आहेत : वेग, दारू, हेल्मेट आणि पट्टा न लावणं, सिग्नल तोडणं, उलट्या दिशेने गाडी घालणं.

वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यांवर जगभर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० मध्ये निघाला. कॅमेऱ्याच्या परिसरात जीवघेणे आणि गंभीर अपघात ११ ते ४४ टक्क्यांनी कमी झालेले त्यात दिसले. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात डिसेंबर १९८२ पासून कुणालाही, कुठेही थांबवून श्वासाची तपासणी सुरू झाली आणि दारूमुळे होणारे मृत्यू झपाट्याने खाली आले. आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण मात्र व्हिएतनामचं. आपल्यासारखाच दुचाकींचा देश. १५ डिसेंबर २००७ ला तिथे सगळ्या रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचं झालं, पहिल्या दिवसापासून पोलिस रस्त्यावर उभे राहिले आणि जवळजवळ रातोरात दहापैकी नऊ डोक्यांवर हेल्मेट आलं. लोकांचा स्वभाव एका रात्रीत बदलला नव्हता. आज पकडणार आणि उद्याही पकडणार, एवढंच त्यांना पटलं होतं.

नो-पार्किंगमधून उचललेल्या हजार स्कूटरनी रस्ता मोकळा होईल, तेही हवंच. पण त्या हजार पावत्यांमुळे वॉर्डातली एक खाट रिकामी होईल असं मी म्हणणार नाही. त्यामुळे किती पावत्या झाल्या यापेक्षा कशाच्या झाल्या, ते विचारत चला.

२. मग दंडच दहापट करा ना! लोक आपोआप सुधारतील.

दंडाच्या आकड्यापेक्षा पकडलं जाण्याची खात्री जास्त काम करते. चौकात मामा आहेत की नाहीत हे पन्नास मीटरवरून बघून आपण हेल्मेट डोक्यावर घ्यायचं की हाताला लटकवायचं ते ठरवतो. त्या क्षणी दंड ५०० आहे की ५,००० हा विचार डोक्यात नसतोच. 'आज कोणी नाही' एवढाच असतो.

केंद्राची दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ ला लागू झाली, महाराष्ट्राने वाढीव दंड डिसेंबर २०२१ मध्ये आणले. पहिल्या आठवड्यात पीयूसीच्या रांगा लागल्या, हेल्मेटची दुकानं ओसंडून वाहिली. नंतर रस्त्यावर कोणी अडवत नाही हे कळलं आणि सवयी परतल्या. मोठ्या दंडाचा आणखी एक तोटा मला दिसतो. रक्कम फार मोठी झाली की रस्त्याच्या कडेला मिटवून टाकायचा मोह दोन्ही बाजूंना होतो. लहान, न चुकणारा आणि लगेच मोबाइलवर येणारा दंड मला जास्त उपयोगाचा वाटतो. वारंवार चुकणाऱ्याचं लायसन निलंबित करणं त्याहून परिणामकारक, कारण पैसा असणाऱ्यालाही ते टोचतं.

३. पुण्यात हेल्मेटसक्ती एवढी गाजली. त्यातून काय निष्पन्न झालं?

१ जानेवारी २०१९ पासून शहर पोलिसांनी रस्त्यावर अडवून हेल्मेटची कारवाई सुरू केली. विरोध मोठा झाला. कृती समिती उभी राहिली, मोर्चे निघाले, हेल्मेटची अंत्ययात्राही काढली गेली. पण त्याच दिवसांत टिळक रोडवर, नळस्टॉपला, स्वारगेटला डोक्यांवर हेल्मेट दिसत होती, हेही आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. जून २०१९ मध्ये आमदारांनी तक्रार मुख्यमंत्र्यांपर्यंत नेली, रस्त्यावर अडवणं थांबलं, कॅमेऱ्यावरून येणाऱ्या पावत्या चालू राहिल्या. थोड्याच दिवसांत हेल्मेट पुन्हा आरशाला अडकली.

विरोध करणाऱ्यांमध्ये माझ्या ओळखीची, मला आदर वाटणारी माणसं होती. 'आधी रस्ते नीट करा' हे त्यांचं म्हणणं खरंच आहे (प्रश्न ८ पाहा). पण रस्ते नीट होईपर्यंत डोकं उघडं ठेवा, हे मला कधीही पटलं नाही. ज्या बायकांनी आपल्या नवऱ्याला चमच्याने भरवताना मी पाहिलं, त्यांच्यापैकी एकीलाही पटलं नसतं.

४. ताई, मी पेठेतल्या पेठेत फिरतो. गाडी तिसाच्या वर जात नाही. मला हेल्मेट कशाला?

गाडीचा वेग बाजूला ठेवा. उभ्या दुचाकीवरून तोल गेला आणि डोकं दीड मीटर उंचीवरून खाली आलं, तर ते जमिनीला जवळजवळ ताशी २० किलोमीटरने आदळतं. शाळेतलं गणित आहे, करून पाहा. फुटपाथची कड असेल तर तेवढं कवटी फुटायला पुरतं. आमच्याकडे आलेल्यांमध्ये 'कोपऱ्यावरून दूध आणायला' निघालेले कमी नव्हते.

हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याला मार लागण्याचा धोका सुमारे ६९ टक्के कमी होतो, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं आहे. देशात २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार रस्ता अपघातात गेले. हेल्मेट असतं तर सगळे वाचले असते असं नाही. पण वरचे टक्के या आकड्याला लावून पाहिले की मला रात्री झोप लागत नाही. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते.

मानदुखीचं म्हणाल, तर मापाचं आणि नीट बांधलेलं हेल्मेट सहसा त्रास देत नाही. सैल हेल्मेट वाऱ्याने मागे ओढलं जातं आणि मान धरते. दुकानात माप घ्या, ऑनलाइन अंदाजाने मागवू नका.

५. हेल्मेटमधून सूट कुणाला आहे? मागे बसणाऱ्याला, लहान मुलांना, आजारी माणसाला?

मागे बसणाऱ्याला सूट नाही. कलम १२९ चालवणारा आणि बसणारा, दोघांनाही लागू आहे. पगडी बांधलेल्या शीख व्यक्तीला सूट आहे. चार वर्षांवरच्या मुलाला हेल्मेट हवंच. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी वेगळा नियम २०२२ मध्ये निघाला : चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा, मुलाच्या मापाचं हेल्मेट आणि गाडीचा वेग ताशी ४० पेक्षा जास्त नाही. शाळेबाहेर पुढे उभं केलेलं लेकरू आणि बाबांच्या डोक्यावर हेल्मेट हे दृश्य मी रोज पाहते. कायद्याच्याही आधी आईबापांनी याचा विचार करावा.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सूट मिळेल असं कलमात लिहिलेलं नाही. पट्टा न लावता नुसतं ठेवलेलं हेल्मेट म्हणजे हेल्मेट नसल्यासारखंच, पावती होऊ शकते. आयएसआय शिक्का आणि आयएस ४१५१ हा क्रमांक पाहून घ्या. १ जून २०२१ पासून दुचाकीसाठी शिक्क्याशिवायचं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे. महाराष्ट्रात तडजोड रक्कम ५०० रुपये आहे, आणि कलम १९४-ड नुसार तीन महिने लायसन निलंबित होऊ शकतं. ही दुसरी बाब बहुतेकांना ठाऊक नसते.

६. मोकळ्या रस्त्यावर ४० ऐवजी ६० ने गेलो तर असा काय फरक पडतो?

समजा २५ मीटरवर एक मूल रस्त्यात आलं. दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ४० ने जाणारा त्या एका सेकंदात ११ मीटर पुढे जातो, ब्रेक लागल्यावर आणखी ९ मीटर. विसाव्या मीटरला तो थांबलेला असतो, मुलापासून पाच मीटर अलीकडे. ६० ने जाणाऱ्याचे ब्रेक लागायच्या आधीच १७ मीटर संपलेले असतात. उरलेल्या आठ मीटरमध्ये गाडी पुरेशी हळू होत नाही, आणि तो त्या मुलाला ताशी ४६ च्या आसपास वेगाने धडकतो. दोघांचे डोळे तेवढेच चांगले, ब्रेक तेवढेच नवे, रस्ता कोरडा. फरक फक्त वेगाचा. पाऊस असेल तर हिशोब आणखी वाईट.

सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताची शक्यता सुमारे चार टक्क्यांनी वाढते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. देशात २०२२ मध्ये रस्त्यावर गेलेल्या १,६८,४९१ लोकांपैकी ७१ टक्के मृत्यूंच्या नोंदीत अतिवेग हे कारण आहे. म्हणून वेगावरची कारवाई ही 'पैसे गोळा करणं' आहे असं कोणी म्हटलं की मी गप्प बसू शकत नाही.

७. कॅमेऱ्यापुरता सगळे ब्रेक मारतात आणि पुढे पुन्हा सुसाट. मग कॅमेऱ्याचा उपयोग काय?

एकाच जागी असलेल्या कॅमेऱ्याचा असर त्या जागेपुरताच, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. त्यावर उपाय म्हणजे सरासरी वेग मोजणं : गाडी एका कमानीखालून किती वाजता गेली आणि पुढच्या कमानीखालून किती वाजता, यावरून मधल्या अंतराचा वेग निघतो. पुणे–मुंबई द्रुतगती मार्गावर २०२४ पासून अशी यंत्रणा चालू आहे. तिथे मोटारींना ताशी १०० आणि घाटात ६० ची मर्यादा आहे. आता लोक कमानी संपेपर्यंत तरी डावीकडे राहतात, बोरघाट उतरताना मला तरी फरक जाणवतो.

कॅमेऱ्याची कारवाई असलेल्या पट्ट्याआधी ठळक फलक लावणं नियम १६७-अ नुसार बंधनकारक आहे. काहींना वाटतं, फलक लावला तर पकडणार कसं? पण पकडायचं कुणाला आहे? फलक वाचून माणूस हळू झाला तर काम झालंच. तोच न्याय झाडाआड उभ्या राहणाऱ्या पोलिसांना लावा. चुकलेल्याला टिपण्यापेक्षा ते समोर, दिसतील असे उभे राहिले तर चूकच होत नाही. मात्र कधी, कुठे उभे राहतील याचा अंदाज येता कामा नये. रोज त्याच चौकात, रोज सकाळी दहा ते बारा, तर लोक बारानंतर मोकळे.

८. नवले पुलावर अपघात होतात ते रस्त्याच्या रचनेमुळे. लोकांना पावत्या देऊन काय साधणार?

अर्धा मुद्दा मान्य. नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंत महामार्गाला लांबच लांब उतार आहे आणि खाली शहराची वाहतूक त्यात मिसळते. नोव्हेंबर २०२२ मध्ये इथे एका टँकरने डझनावारी गाड्या ठोकल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंटेनरच्या धडकेनंतर आग लागून माणसं गेली. अशा जागी उतार, सेवा रस्ते, मिसळण्याच्या जागा यांचं काम झाल्याशिवाय सुटका नाही.

आता उरलेला अर्धा. डिझेल वाचवायला अवजड गाडी न्यूट्रलवर सोडून उतरणारे चालक आहेत. इंजिनाची ओढ गेली की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि खाली येईपर्यंत धरेनासे होतात. जादा माल असेल तर लवकर. बोगद्यापाशी थांबवून वजन तपासणं, उतारावर वेग मोजणं, खालच्या गिअरमध्येच उतरायला लावणं ही कारवाईच आहे, आणि ती रस्ता बदलेपर्यंतच्या काळात जीव वाचवते.

रस्ता बांधणाऱ्यांनाही कायदा आहे, हे लोकांना माहीत नसतं. ठरलेल्या मानकांप्रमाणे रचना, बांधणी किंवा देखभाल न केल्यामुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं, तर कलम १९८-अ खाली संबंधित यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड आहे. दुचाकीवाल्याला जेवढ्या तत्परतेने पावती मिळते तेवढ्या तत्परतेने हे कलम लावलं जाताना मला दिसत नाही. लावलं जायला हवं. खड्ड्यामुळे अपघात झाला तर फिर्यादीत हे कलम लिहून घ्या असा आग्रह धरा.

९. यू-टर्न दीड किलोमीटरवर आहे. शंभर मीटर उलट गेलो तर एवढं काय?

समोरून येणारा त्या बाजूला बघतच नसतो, हे. डावीकडच्या गल्लीतून बाहेर पडणारा उजवीकडे पाहतो, तुम्ही येता डावीकडून. शिवाय दोघांचे वेग एकमेकांत मिळवले जातात. उलट्या दिशेने चालवणं २०१९ पासून कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्यात, नावानिशी घातलं आहे. पहिल्याच वेळी तुरुंगाचीही तरतूद आहे. यू-टर्न खरंच फार लांब असेल तर तो जवळ करून मागा. सोसायटीने सह्यांचं पत्र दिल्यावर वाहतूक शाखेने दुभाजकाची जागा बदललेली मी पाहिली आहे.

१०. एक बिअर चालते का? आणि रात्री घेतलेली सकाळी धरतात का?

मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. कुणाला एका बिअरमध्ये ओलांडते, कुणाला दोनमध्ये. त्यामुळे 'चालते' असं मी कुणालाही सांगत नाही. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम कमी करतं. रात्री एक वाजता १५० असेल तर सकाळी सातला ६० उरतात, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. कॉफी, आंघोळ, लिंबू यांनी हे घाईने उतरत नाही. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. कारणाशिवाय तपासणी नाकारली तर तो नकार तुमच्याविरुद्ध धरता येतो.

१९ मे २०२४ ला कल्याणीनगरमध्ये दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेणाऱ्या मोटारीनंतर नाकाबंदी वाढली, पबच्या वेळा तपासल्या गेल्या. रक्ताचे नमुने बदलल्याचा गुन्हाही त्याच प्रकरणात दाखल झाला. चौकातल्या तपासणीवर लोकांचा विश्वास बसायचा असेल तर रक्ताच्या बाटलीपर्यंतची साखळी स्वच्छ राहायला हवी.

११. मुलगा सतरा वर्षांचा आहे, क्लास लांब आहे. काय करू?

चावी देऊ नका. कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही.

अपवाद दोन. सोळा पूर्ण झाल्यावर ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं लायसन काढता येतं, पण तशा गाड्या आता बाजारात जवळजवळ नाहीत. दुसरा, २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ च्या आत चालणारी विजेची दुचाकी कायद्याने मोटार वाहन धरली जात नाही. तिला लायसन लागत नाही. दुकानदार 'थोडं बदलून ४० ने पळवून देतो' म्हणाला तर ती सूट तिथेच संपली. आणि लायसन लागत नसलं तरी डोकं तेच आहे, प्रश्न ४ वाचा.

१२. गाडी विकून वर्ष झालं, पावत्या अजून मला येतात. आणि एक तर मी कधी न गेलेल्या गावची!

आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, त्याची जबाबदारी. अपघाताच्या भरपाईतही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर १४ दिवसांत तुम्ही कळवायचं असतं. एजंटवर सोडू नका, नाव बदललं की नाही ते स्वतः पाहा.

न गेलेल्या गावची पावती असेल तर आधी फोटो उघडा. नंबर वाचताना चूक झालेली असते किंवा कोणीतरी तुमचा नंबर लावून फिरत असतं. पहिल्या बाबतीत ई-चलानच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. दुसऱ्या बाबतीत लगेच पोलिसांत लेखी तक्रार द्या, कारण त्या गाडीने उद्या अपघात केला तर दार तुमचं वाजेल.

१३. रुग्णवाहिकेला वाट द्यायला सिग्नलची रेषा ओलांडली आणि पावती आली. आता?

तक्रार करा, वेळ लिहा, फोटोत किंवा चित्रणात रुग्णवाहिका दिसते का ते पाहा. वाट न देण्याला कलम १९४-इ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही आहे, म्हणजे कायदाच तुम्हाला बाजूला व्हायला सांगतो. चौक मात्र डोळे मिटून ओलांडू नका, रेषेच्या पुढे एका बाजूला सरकलात तरी वाट होते.

१४. नकाशा बघायला मोबाइल चालतो का?

स्टँडवर लावून, फक्त रस्ता पाहायला, लक्ष विचलित होणार नाही असा : चालतो, २०२० पासून नियमात तसं लिहिलं आहे. मांडीवर किंवा हेल्मेटमध्ये खोचून : नाही.

१५. पोलिसच बिनहेल्मेटचे दिसतात. त्यांना कायदा नाही का? आणि ते गाडीची चावी काढू शकतात का?

त्यांना दुप्पट आहे. अंमलबजावणीचा अधिकार असलेल्यानेच गुन्हा केला तर कलम २१०-ब नुसार दंड दुप्पट. असा फोटो दिसला तर वाहतूक शाखेला पाठवा.

चावी काढण्याचा अधिकार कायद्यात कुठे लिहिलेला नाही. कागदपत्रं मागण्याचा आहे, आणि डिजिलॉकर किंवा एमपरिवाहनमधली चालतात. हुज्जत घालू नका, पावती घ्या, नंतर तक्रार करा. दिवसभर धूर आणि हॉर्न सोसत उभा असलेला माणूस समोर आहे, हेही ध्यानात असू द्या.

१६. अपघात दिसला तर थांबावं का? पोलिसांच्या भानगडीत अडकायची भीती वाटते.

थांबा. कलम १३४-अ खाली मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव सांगायची सक्ती नाही, रुग्णालय तुम्हाला थांबवून ठेवू शकत नाही, पैसे मागू शकत नाही. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळण्याची केंद्राची योजनाही आहे. नोंदणीच्या टेबलावर तिचं नाव घ्या.

११२ किंवा १०८ लावा. मागून येणाऱ्या गाड्यांना कोणाला तरी हात करायला उभं करा. पाणी पाजू नका. जखमी श्वास घेत असेल तर हेल्मेट ओढून काढू नका, काच वर करा आणि डोकं-मान एका रेषेत दोन्ही हातांनी धरून ठेवा. रुग्णवाहिका येईपर्यंत हात सोडू नका. हात भरून येतात, तेव्हा शेजारच्याला तुमच्या हातांवर हात ठेवायला सांगा आणि मग आपले अलगद काढा.